बिघडलेले गळे

बारकीने सोन्याची मान डाव्या हाताने किंचित मागे केली, बोटाने हनुवटी खाली ओढली आणि टोकाला कॅमेरा बसवलेलं पातं जिभेवरून आत सरकवलं. टेबलावरच्या छोट्या पडद्यावर आधी नुसतं गुलाबी धुकं दिसलं, मग जिभेचं मूळ, आणि त्याखाली हवेची काळी फट. तिने मनगट तसूभर वर उचललं. पात्याच्या कडेला एक बारीक पन्हाळ बसवलेली होती, नळीला नेमकं वळण देऊन त्या फटीत सोडणारी. तिचं नाव त्यांनी वाटाड्या ठेवलं होतं. बारकीने वाटाड्यातून नळी पुढे ढकलली. नळी फटीच्या तोंडाशी गेली, अडली, वळली आणि खालच्या भलत्याच वाटेला लागली.

"पोटात गेली," लंब्या म्हणाला. "बाळ गुदमरतंय आणि तू त्याला जेवायला वाढतेयस."

"थांब, पुन्हा करते."

पुन्हा तेच झालं.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे," बारकी म्हणाली. "बिघडलाय हा गळा. बघ ना."

लंब्याने सोन्याच्या मानेतून गळा उपसला, उजेडाकडे धरून पाहिल्यासारखं केलं, "बिघडलाय," असा निकाल दिला आणि तो टेबलाखालच्या बादलीत टाकला. खणातून दुसरा काढून बसवला. त्यात नळी पहिल्या झटक्यात गेली. सोन्याच्या छातीतला फुगा वर आला, खाली बसला, पुन्हा वर आला. मास्तरने भिंतीवरच्या फळ्यावर बरोबरची आणखी एक खूण केली आणि मागे सरून त्या खुणांकडे बापाच्या कौतुकाने पाहत राहिला.

सोन्या म्हणजे त्यांची बाहुली. नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं डोकं, छाती, छातीत फुग्याची फुप्फुसं, आणि मध्ये बदलता येणारा रबराचा गळा, करंगळीपेक्षा बारीक. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तिघांनी मिळून घेतलेला प्रकल्प होता तो. ज्या बाळाला स्वतःहून श्वास घेता येत नाही त्याच्या श्वासनळीत नळी घालावी लागते. वाट इतकी चिंचोळी की अनुभवी हातही चुकतात, आणि चुकून परत येईपर्यंत बाळाकडे वेळ नसतो. वाटाड्याने ती चूक होऊच द्यायची नाही, अशी कल्पना.

तिघांत मास्तर पुढारी. साधं पाणी प्यायलं तरी त्यामागचं तत्त्व समजावून सांगायची त्याला खोड होती, म्हणून मास्तर. लंब्या गळे ओतायचा. तळघरातल्या त्या वर्कशॉपचं दार ठेंगणं होतं. आत येताना त्याला मान वाकवावी लागायची आणि दोन दिवसांआड तो ते विसरायचा. आणि बारकी. ती घरातलं शेंडेफळ, म्हणून घरी बारकी. कॉलेजात तेच नाव, कुणाला न सांगता, तिच्या हातांमुळे पुन्हा पडलं. सगळ्यात लहान मापाचे हातमोजेही तिला ढगळ व्हायचे. त्यामुळे सोन्याच्या तोंडात हात घालायचं काम पहिल्यापासून तिचंच. नळी गेली की नाही ते बारकी सांगणार आणि गळा बिघडला असेल तर तेही तीच सांगणार.

जिन्यावरून प्रकल्प बघणाऱ्या सरांचा आवाज आला. ते पायऱ्या उतरायचे नाहीत, वरूनच ओरडायचे.

"उद्या मॅडम येतायत. अकराला. सगळं नीट चाललंय ना?"

"एकदम, सर," मास्तर म्हणाला.

मॅडम म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या, नवजात बाळांच्या वॉर्डाच्या डॉक्टर. त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि हो म्हटलं, की वाटाड्या वॉर्डात जायचा. खऱ्या बाळाकडे जाणाऱ्या वाटेवरची ती पहिली पायरी होती.

बारकी ताईकडे राहायची. ताई आणि भाऊजी, दोन खोल्या आणि एक बंदिस्त गॅलरी. गॅलरीत ताईचं शिलाई मशीन. लोकांचे कपडे सैल करून देणं, घट्ट करून देणं, हे तिचं काम. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कोटाची बाही तिच्या मांडीवर असायची. ताई फार बोलत नसे. पूर्वी बोलायची, इतकी की भाऊजी रेडिओ घेत नव्हते. आता संध्याकाळी बारकी चपला काढत असताना ती मशीनवरून मान न उचलता एकच प्रश्न विचारायची.

"गेली का गं नळी?"

"गेली."

"सगळ्या वेळा?"

"एक गळा बिघडलेला निघाला. बाकीच्यांत गेली."

"टाकलास ना तो?"

"टाकला. बादलीत."

ताईने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. हा प्रश्न ती रोज विचारते आणि उत्तर ऐकून तिचे खांदे किंचित खाली येतात, हे बारकीने केव्हाच हेरलं होतं. प्रकल्प निवडताना तिने मास्तर-लंब्याला सांगितलं होतं की विषय चांगला आहे, मार्क मिळतील. खरं कारण या गॅलरीत बसलेलं होतं. एक ना एक दिवस ताईला सांगायचं होतं, की ताई, आता असं कुणाच्याच बाळाचं होणार नाही.

ताईचं बाळ घरी आलंच नाही. ते वेळेआधी आलं, रडलं नाही. दुसऱ्या गावचं छोटं हॉस्पिटल होतं ते, रात्रीपासून सगळे बाकड्यावर बसलेले. सकाळी भाऊजी आतून बाहेर आले. त्यांच्या शर्टाचं टोक पँटमधून बाहेर आलं होतं आणि ते आत खोचत होते, खोचून झालं तरी खोचत होते.

"नळी जात नव्हती म्हणे," ते म्हणाले.

एवढंच. ती शांतता बारकीला सोसेना, आणि काहीतरी विचारायचं म्हणून तिनेच विचारलं, "गळ्यातच काही दोष होता का?"

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा तो शब्द त्यांनी धरला. "तसंच असणार," ते म्हणाले. दुपारी त्यांनी आपल्या आईला फोन केला तेव्हा 'असणार'चं 'होता' झालं होतं. त्यांची आई प्रत्येकाला तेच सांगू लागली, त्याच्या गळ्यातच दोष होता हो, कुणी काय करणार. भेटायला येणारे मान हलवायचे. वाक्य चांगलं होतं. त्यात डॉक्टर सुटत होते, देव सुटत होता, सगळ्यांना धीर येत होता. एकटी ताई सोडून.

"दोष काय हवेतून येतो?" ती एकदा बारकीला म्हणाली होती. दोघी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या. "माझ्याच पोटात तयार झाला ना?"

आणि घडी घालता घालता, अगदी हळू, "पुन्हा बिघडलेलंच निघणार असेल, तर नकोच मला."

त्यानंतर भाऊजींनी कधी तो विषय काढला, की ताईला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळी आकाश मळक्या फडक्यासारखं होतं आणि तळघरात ट्यूबलाइट लावूनही अंधारच वाटत होता. बारकी लवकर आली होती. मॅडम येण्याआधी खणातला सगळ्यात चांगला गळा सोन्याच्या मानेत बसवून ठेवावा, म्हणून तिने तो ताणला, आणि तो टर्रकन फाटला. इतक्या वेळा वापरलेला. कधीतरी फाटणारच होता. खणात आता एकच उरला. मॅडमनी दोन-चारदा करून पाहायचं म्हटलं आणि तोही फाटला तर?

तिने बादली ओढली. बिघडलेल्यांतला एखादा कापून पाहावा, बुडबुडा किंवा गाठ कुठे राहिलीय ते बघावं, खरवडून निघण्यासारखी असली तर काम भागेल, असा तिचा साधा हिशोब. वरचाच एक उचलून तिने ब्लेडने उभा चिरला आणि पुस्तकासारखा उघडला.

आत काही नव्हतं. बुडबुडा नाही, गाठ नाही, रबर कुठे चिकटलेलं नाही. तिने दुसरा चिरला. तोही स्वच्छ. तिसरा चिरायच्या आधी ती थांबली आणि साच्याच्या डब्यातून सळई काढली.

सळई म्हणजे साच्याच्या मध्ये उभी राहणारी स्टीलची कांडी. तिच्याभोवती रबर ओतायचं, ते घट्ट झालं की सळई काढून घ्यायची. उरलेली पोकळी तो गळा. सळईचं माप हॉस्पिटलनेच दिलेलं होतं, खऱ्या बाळाच्या श्वासनळीचं. बारकीने ती बादलीतल्या गळ्यात घातली. मोज्यात पाय जावा तशी ती गेली आणि घट्ट बसली. दुसऱ्यात घातली. तिसऱ्यात. मग तिने खणातला तो शेवटचा चांगला गळा घेतला. त्यात सळई खुळखुळली.

लंब्या आला तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती आणि तिच्याभोवती गळे पसरलेले होते. त्याने दारात डोकं आपटून घेतलं, शिवी दिली, आणि तिचा चेहरा पाहून अर्धी गिळली.

"तू साच्याचा स्क्रू आवळतोस ना?" तिने विचारलं.

"आवळतो की. कधी घाईत सैल राहतो."

"सैल राहिला की काय होतं?"

"सळई हलते. भोक मोठं पडतं." बोलता बोलता तो थांबला. त्याने तिच्या हातातून सळई घेतली, बादली आपल्या लांब पायांच्या मध्ये ओढली आणि एकेक गळा उचलून त्यात सळई घालून पाहू लागला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी नीट ओतलेले सगळे टाकून दिले आपण. आणि जे ओतताना चुकले, ते जपून ठेवले."

"ज्यात नळी जायची ते चांगले," बारकी म्हणाली. "ज्यात जायची नाही ते बिघडलेले."

लंब्या हसण्याच्या बेतात होता, पण त्याला हसू आलं नाही.

मास्तरला समजावून सांगावं लागलं नाही. तो फळ्यासमोर उभा राहिला. एवढ्या बरोबरच्या खुणा, सगळ्या त्याच्या सुरेख अक्षरातल्या. मग त्याने खडू ठेवला आणि दरवाजा लावून घेतला.

"आज काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "खोटं बोला असं म्हणत नाहीये मी. फक्त गप्प बसायचं. मॅडमना एकदा आवडू दे, वॉर्डाचं दार उघडू दे. मग आपण वाटाड्याचं वळण सुधारू, हळूहळू. आत्ता सांगितलं तर वर्ष गेलं."

"आणि तोवर त्यांनी वापरला तर?"

"लगेच कोण वापरणारे? कमिटी असते, परवानग्या असतात." तो थांबला. त्याच्या वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं की मुलाचं यंत्र हॉस्पिटलात जाणार. "बारके, प्लीज. खणातला गळा लाव."

तो वाईट मुलगा नव्हता. बारकीने मान डोलावली आणि सोन्याकडे वळली. खणातला गळा तिने खणातच राहू दिला. बादलीतला एक घेतला, पुसला, सोन्याच्या मानेत बसवला आणि वरून कातडी नीट ओढून घेतली. लंब्याने ते पाहिलं. आणि तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

मॅडम अकराला आल्या, त्यांच्यासोबत सरही आज पायऱ्या उतरून आले. बारीक चणीच्या, पिकलेल्या केसांच्या, झोप न झालेल्या. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि हात धुवायला नळ कुठे आहे ते विचारलं. बाहुलीसाठी हात कशाला, असं सर म्हणाले, पण त्या धुऊनच आल्या. सोन्याचं डोकं त्यांनी उचललं तेव्हा तळहात मानेखाली आपोआप गेला. बारकीला ते पाहवेना आणि नजरही काढवेना.

"छान दिसतंय," पडद्याकडे पाहत मॅडम म्हणाल्या. "उजेड चांगलाय."

त्यांनी नळी पुढे केली. ती फटीशी गेली, अडली आणि खाली वळली. त्यांनी ती मागे घेतली, मान थोडी सरळ केली, पुन्हा पुढे केली. पुन्हा खाली. मास्तरने बारकीकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

मॅडमनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मग हात थांबवून, अगदी सहज, कुणाला लागू नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हा गळा जरा बिघडलाय का?"

"हो मॅडम," मास्तरचा हात खणाकडे गेलाही होता. "ओतताना होतं कधी कधी असं. लगेच दुसरा लावतो."

"नाही," बारकी म्हणाली.

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. सरांनी घसा खाकरला.

"गळा बरोबर आहे, मॅडम. तुम्ही दिलेल्या मापाचाच आहे. आमचा वाटाड्या चुकतोय."

तिने सळई पुढे केली. मॅडमनी सोन्याच्या मानेतून गळा काढला, त्यात सळई घातली, फिरवून पाहिली. मग त्यांची नजर टेबलाखाली गेली.

"आणि हे?"

"तेही बरोबर आहेत. आम्ही टाकले."

मॅडमनी वाकून बादलीतला एक गळा उचलला. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी त्या पाहत राहिल्या. "आम्हीपण म्हणतो असं," त्या शेवटी म्हणाल्या. "वाट अवघड होती म्हणतो. कधी ती खरंच असते."

"नंतर कळतं का? कुठली खरंच होती ते?" बारकीने विचारलं.

"नंतर?" मॅडमनी गळा परत बादलीत ठेवला, टाकला नाही. "नंतर कोण बघतं."

त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं. वाटाड्या इतक्यात वॉर्डात आणू नका, म्हणाल्या. वळण बदला, मग बोलवा, मी येईन. सर त्यांना सोडायला गेले ते परत खाली आले नाहीत. मास्तरने फळा पुसला. ओल्या फडक्याने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि बारकीकडे न बघता दप्तर उचलून निघून गेला. लंब्या जाताना म्हणाला, "उद्या येशील ना?" आणि उत्तराची वाट न पाहता, दारात या वेळी आठवणीने मान वाकवून, तोही गेला.

बारकी पायीच घरी निघाली. चौकातल्या सिग्नलला एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. बाळाचं तोंड उघडं होतं, ते झोपलं होतं, आणि त्याचा श्वास काहीएक गाजावाजा न करता चालला होता. सिग्नल सुटला तरी बारकी तिथेच उभी होती. मागून कुणीतरी "अहो, चला ना" म्हणालं तेव्हा ती चालू लागली.

मनात एकच गोष्ट फिरत होती. ताईला सांगितलं, तर ताईच्या पोटावरचा आळ जाईल. पण आळ गेला की त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसेल. बाळ धडधाकट होतं आणि तरी गेलं, हे. यांतलं कुठलं ओझं हलकं, ते तिला ठरवता येईना. आणि खरं काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं. तिला फक्त रबराचं माहीत होतं. आज गप्प बसावं. 'गेली' म्हणावं आणि चहा ठेवावा. दार उघडेपर्यंत तिचं तेच ठरलेलं होतं.

ताई गॅलरीत होती. मांडीवर कुणाचा तरी जाड कोट, उलटा केलेला, आणि ती बाहीची शिवण उसवत होती.

"गेली का गं नळी?"

बारकीने चपला काढल्या. एक काढली, दुसरी पायातच राहिली.

"नाही."

ताईने मान वर केली. किती तरी दिवसांत पहिल्यांदा.

"का? गळा बिघडलेला होता?"

"नाही, ताई. गळा बरोबर होता."

शिवण उसवणारा हात चालूच होता, पण दोरा तुटत नव्हता. "आणि ते बादलीतले?"

"तेही. सगळे बरोबर होते."

आतल्या खोलीत भाऊजींनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ते काहीतरी विचारायला उठले असावेत आणि दाराआडच थांबले असावेत. ताईने कोट मांडीवरून बाजूला केला, उसवायचं हत्यार मशीनच्या खाचेत नीट ठेवलं आणि बारकीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. शांतपणे, एखादं माप पुन्हा विचारून घ्यावं तसं, ती म्हणाली,

"मग बिघडलाय असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

एक चप्पल पायात तशीच ठेवून बारकी उंबऱ्यावर बसली.

"मी," ती म्हणाली.